चितोसेबाईंचा गळा

अल नहदा, शारजा
१२ जानेवारी २०२५

शोभनामावशी,

व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही विचारलं की तू नुसता अंगठा पाठवतेस. आजचं काम अंगठ्यावर भागणारं नाही, म्हणून नीट बसून मेल लिहिते आहे.

आमच्या इव्हेंट कंपनीला दुबईत एक जपानी कार्यक्रम मिळाला आहे, पंधरा फेब्रुवारीला, रमजान लागायच्या आत. आणि गायला कोण येणार आहे माहीत आहे? तुझ्या चितोसे इसोमुरा! मीटिंगमध्ये नाव ऐकल्यावर मी सगळ्यांसमोर सांगून बसले की या बाईंना गेली सव्वीस वर्षं माझी सख्खी मावशी किमोनो नेसवते. बॉस म्हणाला, "देन खलास! विमानतळापासून स्टेजपर्यंत तूच त्यांची इंटरप्रिटर. फुल रिस्पॉन्सिबिलिटी." 

मावशी, अकरा वर्षं दुभाषेपण केलं तरी माझं जपानी म्हणजे पंप आणि व्हॉल्व्ह विकणाऱ्यांचं जपानी. गाणाऱ्या बाईंशी मी काय बोलणार? सुयशने विचारलं, एन्का म्हणजे नक्की काय. मी म्हटलं, जपानी लोकांचं जुन्या वळणाचं गाणं. बंदर, पाऊस, दारू आणि सोडून गेलेला माणूस. तो म्हणाला, "म्हणजे आपलंच की." नवऱ्याची मदत एवढीच.

तर बाई कशा आहेत, कशाने खूश होतात, कशाने चिडतात, सगळं लिही. त्यांच्याबरोबर तू येशीलच ना? गुडघा काय म्हणतो?

तुझी,
वैभवी


योकोहामा
१५ जानेवारी २०२५

वैभू,

गुडघा नवा बसवला आहे आणि तो माझं काही ऐकत नाही. विमानप्रवास बंद. म्हणजे बाई सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशिवाय जाणार. नेसवायला इथली एक मुलगी बरोबर येते आहे, पण माणूस म्हणून तिथे तूच.

बाईंबद्दल काय लिहू? उत्तरेकडच्या एका मासेमारीच्या गावात जन्म. आई दिवसा स्क्विड वाळवायची आणि संध्याकाळी खलाशांच्या गुत्त्यात गायची. पंधराव्या वर्षी बाई टोकियोला एका संगीतकाराच्या घरी शागीर्द म्हणून राहिल्या. शागीर्द म्हणजे काय, तर फरशा पुसा, भात लावा, गुरुजींचा कुत्रा फिरवा. चार वर्षं गुरुजींनी समोर बसवून एक ओळ शिकवली नाही. स्वयंपाकघरात कान लावून जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं. आवाजाला ती जी मुरड असते ना, जिच्यावर एन्का उभं आहे, ती त्यांनी भांडी घासताना उचलली.

पहिल्या दोन रेकॉर्डी पडल्या. मग बिअरच्या क्रेटवर उभं राहून, स्वतःच्या नावाचा पट्टा अंगावर घालून दुकानांसमोर गायच्या. येणारे-जाणारे थांबायचेसुद्धा नाहीत. तिसरी रेकॉर्ड ती बंदरावरची, बोट चुकलेल्या बाईची. ती मात्र घराघरांत गेली. वर्षअखेरीच्या टीव्हीच्या मोठ्या कार्यक्रमात त्या किती वेळा गायल्या याचा हिशेब त्यांचे चाहते ठेवतात, मी ठेवत नाही. मी ठेवला तो किमोनोंचा.

मी कशी चिकटले ते तुला ठाऊकच आहे. तुझे काका नोकरीसाठी इथे आले, मी वेळ घालवायला किमोनो नेसवण्याचा वर्ग केला. लग्नाकार्यात दहा-दहा जणींना नऊवारी नेसवलेली बाई मी, मला तो कमरेचा पट्टा काय जड जाणार? बाईंना माझा हात आवडला आणि तेव्हापासून मी त्यांच्याकडेच. काका गेल्यावर तर राहायलाही त्यांच्याच घरी.

लक्षात ठेव: त्यांच्या खोलीत एसी चालवायचा नाही. गार पाणी नाही. स्टेजवर जायच्या आधी कोणी "गळा कसा आहे" असं विचारायचं नाही. आवाज उत्तम आहे, काळजी नसावी.

तुझी मावशी


अल नहदा
२ फेब्रुवारी २०२५

मावशी,

एसी बंद! दुबईत! हॉटेलच्या मॅनेजरने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी खोलीत म्हैस बांधायची परवानगी मागते आहे. पण करून घेतलं.

सोबत पोस्टर जोडलं आहे, बघ. एक इंग्रजी, एक अरबी. दोन्ही आमच्या हम्मादने केली आहेत. मूळचा रत्नागिरीकडचा, जन्म शारजातला, हात सोन्याचा आहे पोराचा. अरबी पोस्टर तर मला जास्तच आवडलं. बाई किती राजबिंड्या दिसतात! सगळीकडे लागलंसुद्धा आहे.

आता एक विचारायचं होतं. बाईंच्या मॅनेजरने गाण्यांच्या फाइली पाठवल्या. प्रत्येक गाण्याच्या दोन. एकीत नुसतं संगीत आणि दुसरीत बाईंचा आवाजही. साउंडवाला मिथुन मला विचारतो, "मॅडम, चलाना कौन सा है? मेल में लिखा है आवाजवाला." मी त्याला सांगितलं की काहीतरी चूक असेल, आवाजवाली रिहर्सलसाठी असेल. तू म्हणालीस ना, आवाज उत्तम आहे. मग आवाजवाली फाइल कशाला?

वैभवी


योकोहामा
३ फेब्रुवारी २०२५

वैभू,

आधी ते अरबी पोस्टर उतरव. आज, आत्ता. एकूण एक.

फोटो उलटा झाला आहे. किमोनोची डावी बाजू नेहमी उजवीवर येते. उजवी बाजू वर घेऊन फक्त प्रेताला नेसवतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तुमच्या त्या सोन्याच्या हाताने बाईंना जिवंतपणी ताटीवर चढवलं आहे. मी स्वतः नेसवलेला किमोनो आहे तो, मला बघवेना.

आणि फाइलीचं. मिथुनला सांग, आवाजवाली. चूक नाही ती. तीन वर्षं झाली. बाईंच्या स्वरयंत्रावर एक नाजूक शीर फुगली आहे. डॉक्टरांनी सांगितलं की ताण दिला तर ती फुटेल, मग गाणं सोडाच, बोलणंही परत येईल की नाही सांगता येत नाही. म्हणून त्या उभ्या राहतात, ओठ हलवतात, आवाज जुना असतो. मी, मॅनेजर आणि डॉक्टर सोडून कोणाला माहीत नाही. आता तू.

तुला खोटं लिहिलं कारण ते लिहिण्याची सवय झाली आहे. बाईंना हे अजिबात आवडत नाही, पण ऐकतात माझं. तूही ऐक.

मावशी


अल नहदा
१३ फेब्रुवारी २०२५

मावशी,

बाई काल सुखरूप पोचल्या. पण पुढचं सुखरूप नाही.

तुझी मेल आली तशी मी आणि हम्माद रास अल खोरच्या गोदामापासून रोल्लाच्या दुकानांपर्यंत पोस्टर उतरवत फिरलो. तो बिचारा रडकुंडीला आला होता. "दीदी, आय स्वेअर, मला माहीत नव्हतं. अरबी उजवीकडून वाचतात ना, म्हणून फोटो फ्लिप करतो, फेस मजकुराकडे यायला पाहिजे. ऑलवेज करतो. कारवाले, साबणवाले, कोणी आजतक कंप्लेंट नाही केली." मी म्हटलं, साबणाला डावं-उजवं नसतं रे बाबा.

सगळी उतरवली असं वाटलं. आणि हॉटेलच्या लिफ्टमध्ये एक राहिलं. दार बंद झालं आणि समोर काचेच्या चौकटीत बाई, मोठ्या, उलट्या. त्यांच्या मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. नेसवणाऱ्या मुलीने तोंडावर हात घेतला. मी लिफ्टमध्येच कमरेत वाकून माफी मागायला लागले, माझे शब्दही चुकत होते. बाई मात्र जवळ जाऊन बघत राहिल्या. मग हसल्या. म्हणाल्या, "छान नेसवलं आहे."

आज दुपारी त्यांनी मला एकटीला खोलीत बोलावलं. एसी बंद, खिडकीतून ऊन, मी घामाने निथळते आहे आणि त्या शांत. म्हणाल्या, "काल मी स्वतःला मेलेलं पाहिलं. मेलेल्या बाईने गळा कशासाठी जपायचा? शेवटचं गाणं मी गाणार. बंदराचं. त्या मुलाला सांगा, त्या गाण्याला फक्त संगीत. मॅनेजरला नाही सांगायचं. शोभनालाही नाही."

मी "हो" म्हणाले. आणि तुला लिहिते आहे. मावशी, मी काय करू?

वैभवी


योकोहामा
१४ फेब्रुवारी २०२५

वैभवी,

काही करू नकोस. अगदी शब्दशः काही करू नकोस. त्या उद्या पुन्हा सांगतील, तू मान डोलव, मिथुनकडे जा आणि त्याला सांग की सगळं ठरल्याप्रमाणे. बाईंना इंग्रजी येत नाही, हिंदी तर नाहीच. एक वाक्य फिरवायचं आहे, बस. संगीत सुरू झाल्यावर त्या सवयीने ओठ हलवतील. नंतर माझ्यावर चिडू देत, मी निस्तरीन.

मला माहीत आहे की तुझ्या धंद्यात हे पाप आहे. पण त्या गाण्यात वर जाणारी जी ओळ आहे ना, तिथेच ती शीर फुटणार. मी सव्वीस वर्षं विंगेत उभी राहून ती ओळ ऐकली आहे, ती ओळ किती ओढते ते मला कळतं. त्यांच्या मुक्या तोंडाची हालचाल बघत मला म्हातारपण काढायचं नाही. हे माझं मागणं आहे, वैभू. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही.

मावशी


अल नहदा
१६ फेब्रुवारी २०२५

मावशी,

तू म्हणालीस तसं मी केलं.

काल दुपारी साउंड चेक झाला तेव्हा बाई पांढऱ्या किमोनोत उभ्या होत्या. त्यांनी मिथुनकडे बोट दाखवून मला सांगितलं, "शेवटच्या गाण्याला माझा जुना आवाज नको." सरळ, छोटं वाक्य, चुकायला जागाच नाही. मी मिथुनकडे वळले आणि म्हटलं, "मॅडम बोल रही हैं, सब सेम. लास्ट साँग भी आवाजवाला." तो म्हणाला, "ओके, नो टेन्शन." बाईंनी त्याला वाकून नमस्कार केला, आभार म्हणून. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा जाणूनबुजून उलटं सांगितलं आणि ते इतकं सोपं गेलं की मला माझीच भीती वाटली.

हॉल भरला होता. अर्धे जपानी, अर्धे त्यांच्या ऑफिसांतले लोक. अरब, आपले, फिलिपिनो. आधीची गाणी ठीक झाली. मग बंदराचं संगीत सुरू झालं. बाईंनी डोळे मिटले, श्वास घेतला, माइक तोंडाशी नेला, आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच त्यांचा आवाज स्पीकरमधून आला. तरणाबांड, भरलेला.

त्यांनी ओठ हलवले नाहीत, मावशी. माइक खाली घेतला. पदराचं टोक धरावं तसा कमरेशी धरला आणि ओठ घट्ट मिटून उभ्या राहिल्या. आवाज गातो आहे, बाई गप्प. पहिल्यांदा लोकांना वाटलं की गहिवरल्या, काहींनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या ओळीला टाळ्या विरल्या. तिसऱ्या ओळीला सगळ्यांना कळलं. कानातल्या हेडसेटमध्ये मिथुन ओरडत होता, "मॅडम, क्या करूँ? बोलो ना, क्या करूँ?" आणि मी बाईंकडेच बघत होते. त्या मुद्दाम उभ्या होत्या. सगळ्यांनी बघावं म्हणून. वर जाणारी ती ओळसुद्धा स्पीकरने म्हटली आणि बाई तशाच.

मग त्यांनी हात वर केला. मी म्हटलं, "बंद कर." त्यांनी मला स्टेजवर बोलावलं.  जवळ गेल्यावर म्हणाल्या, "मी सांगते ते इंग्रजीत सांगा. सगळ्यांना कळू दे." आणि एकेक वाक्य बोलून थांबल्या.

"हा आवाज माझ्या पंचेचाळिसाव्या वर्षीचा आहे." मी सांगितलं.

"तीन वर्षं मी तो तुम्हाला ऐकवते आणि तोंड हलवते." मी सांगितलं.

"आज मी खरी गाणार होते. माझ्याच माणसांनी मला अडवलं. प्रेमापोटी अडवलं, म्हणून मला जास्त राग आला." हेही सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, मावशी. तेवढं तरी.

मग त्या संगीताशिवाय गायल्या. आवाज खरखरीत, खाली उतरलेला, मध्येच हवा निसटत होती. समोरच्या एका म्हाताऱ्याने डोळ्यांना रुमाल लावला तो काढलाच नाही. वरच्या ओळीला त्या थांबल्या नाहीत, चढल्या, आणि मांजरपाट फाटावा तसा आवाज झाला. मी विंगेत डोळे मिटून घेतले. शेवटची ओळ त्यांनी जवळजवळ बोलूनच पुरी केली. लोक उभे राहिले.

आत आल्यावर रुमालावर रक्त होतं. आम्ही तडक हॉस्पिटलात गेलो. शीर फुटली आहे. बोलायला पूर्ण बंदी, जपानला नेऊन ऑपरेशन करायचं, पुढचं तिथले डॉक्टर सांगतील. मी पलंगाशी उभी राहून रडत माफी मागत होते. त्यांनी फोनवर दोन ओळी टाइप करून मला दाखवल्या. "संध्याकाळचं भाषांतर चांगलं केलंत. दुपारचं वाईट होतं."

त्या मंगळवारच्या विमानाने निघतील. मावशी, तुझं ऐकूनही गळा वाचला नाही, आणि ऐकलं नसतं तर त्या कदाचित अशा त्वेषाने गायल्याच नसत्या. हे डोक्यातून जात नाही. लिही काहीतरी. शिव्या लिही.

वैभवी


अल नहदा
११ मार्च २०२५

मावशी,

फोन तू उचलत नाहीस, मेलला उत्तर नाही. जपानी बातम्यांत वाचते आहे. "तीन वर्षं फसवणूक," "चाहत्यांचा संताप." ऑपरेशन झालं एवढंच कळलं. मला नोकरीवरून काढलं नाही, उलट बॉस म्हणतो, "व्हॉट अ शो!" त्याच्याकडे बघवत नाही मला.

रागावली असशील तर रागाव, पण एक ओळ पाठव. आवाज आला का त्यांना?

वैभवी


योकोहामा
६ एप्रिल २०२५

वैभू,

रागावले होते. खूप. तू खोटं सांगितलंस म्हणून नाही, ते माझंच होतं. तू स्टेजवर खरं सांगितलंस म्हणून. "माझ्याच माणसांनी" हे वाक्य मी व्हिडिओत तुझ्या तोंडून ऐकलं, आणि तुला कोणत्या तोंडाने लिहू ते मला कळेना.

दाराशी पत्रकार बसले होते, ते आता गेले. सगळे कार्यक्रम रद्द झाले. चाहत्यांच्या मंडळातल्या काहींनी बिल्ले परत पाठवले. काही येऊन नुसते वाकून नमस्कार करून गेले. बाईंनी दोघांनाही सारखाच नमस्कार केला.

तू विचारलंस ते सांगते. गाणं गेलं. ती मुरड, तो चढ, सगळं गेलं, परत येणार नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी घरी येताना गाडीत मी रडले, बाई बाहेर बघत होत्या.

पण बोलणं आलं. गेल्या पंधरवड्यात आलं. जाडाभरडा, सर्दी झाल्यासारखा आवाज, बाजारात भाजीवालीने ऐकला तर ओळखणार नाही.

आणि आता एक गोष्ट सांगते. ती तुला कधी सांगितली नव्हती, कारण मला ती सांगण्यासारखी वाटतच नव्हती. बाई माझ्याशी बोलत नसत. गळा जपायचा म्हणून. कार्यक्रमाच्या दिवशी नाही, आदल्या दिवशी नाही, आणि उरलेल्या दिवशी पुढच्या कार्यक्रमाची धास्ती. एका घरात राहून आमचं सगळं खुणांवर आणि चार-दोन शब्दांवर. चहा. घट्ट. सैल. पुरे. तुझे काका गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता, दिवसभर सोडला नाही. पण दुसऱ्या दिवशी ओसाकाला गाणं होतं, म्हणून बोलल्या काही नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. तो गळा लोकांचा होता, मी तो सांभाळणारी.

आता सांभाळायला काही उरलं नाही, तर सकाळी डोळे उघडल्यापासून बोलतात. आई स्क्विड कशी वाळवायची, गुरुजींचा कुत्रा कोणाला चावला, बिअरच्या क्रेटवरून कशा पडल्या. मी चार्जर शोधत असले तरी मागून बोलत येतात. मी त्यांना म्हणतेसुद्धा, "बाई, जरा दम घ्या." ऐकत नाहीत.

काल जेवताना मध्येच थांबल्या आणि मला विचारलं, "शोभना, सदानंद माणूस कसा होता?"

तुझ्या काकांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, वैभू. मी सांगायला लागले. जेवण गार झालं, मी सांगत राहिले, आणि त्या त्यांच्या त्या फाटक्या आवाजात एकेक प्रश्न विचारत होत्या.

तुझी मावशी